नंबर सातचा नवस

डोंगरावरच्या देवाला जाऊन आलं की प्रसाद दोन दिवसांत संपतो. किस्से संपत नाहीत. मला डायरी लिहायची सवय आहे, तीही तारीख, वार, किती वाजता निघालो, किती वाजता पोचलो अशी. सुरुवातीला आमच्या मंडळींच्या यात्रा त्याच डायरीत लिहायचो. पण घरातल्या गोष्टींना जागाच उरेना! शेवटी यात्रांसाठी वेगळी दोनशेपानी वही केली. ती भरली. आता दुसरी चालू आहे. या वहीत माझं पेन इतकं दाबलं जातं की पानाच्या मागून हात फिरवला तर खडबडीत लागतं. मी शांत माणूस म्हणून ओळखला जातो. यावरून काय ते समजा!

मंडळी म्हणजे आमची म्हैसूरच्या विजयनगरातली मराठी घरं. आमचे पूर्वज म्हैसूरच्या महाराजांच्या घोडदळात होते, आम्ही बँकेत आणि शाळांत. दर दोन-तीन महिन्यांनी एका डोंगरावरच्या देवाला जायचं, असा नेम. बावीस जण, एक मिनीबस, ड्रायव्हर मादेश. आणि आमचे स्वयंघोषित अध्यक्ष नारोजीराव, निवृत्त ड्रिल मास्तर.

नारोजीरावांनी पहिल्याच यात्रेत प्रत्येकाला नंबर दिला. ते स्वतः एक. त्यांची बायको सुमंगलावहिनी दोन. मी सहा. माझी मोठी बहीण तुळजाक्का सात. गाडी हलण्याआधी हजेरी! रजिस्टर मांडीवर, नजर रजिस्टरवर, तोंडानं नंबर, कानावर ‘हजर’ आलं की टिक. मान वर करायची नाही. का? तर म्हणे, ‘‘मान वर करणारा मास्तर वर्ग सांभाळू शकत नाही!’’

पन्नाशी-साठीची माणसं आम्ही. ‘हजर सर’ म्हणतो. अजूनही.

*

आधी नवसाचं सांगतो, म्हणजे माझा राग कशावर आहे ते कळेल.

चार वर्षांपूर्वी माझं हृदयाचं ऑपरेशन झालं. मला स्ट्रेचरवरून आत नेत होते तेव्हा तुळजाक्कानं बाहेर कॉरिडॉरमध्ये उभ्या उभ्या नवस बोलला. चामुंडी बेट्टाच्या, म्हणजे देवीच्या डोंगराच्या, सगळ्या पायऱ्या स्वतःच्या पायांनी चढेन, आणि प्रत्येक पायरीला स्वतःच्या हातानं हळद-कुंकू लावेन. हजार पायऱ्या म्हणतात, मोजायला गेलं तर थोड्या जास्तच भरतात. आक्का तेव्हा त्रेसष्ट वर्षांची होती.

मला तिनं हे आठव्या दिवशी सांगितलं. तेही भाताची पेज चमच्यानं ढवळता ढवळता. धाकट्या भावाला ती तम्मा म्हणते. ‘‘तम्मा, देवीचं एक काम आहे माझ्याकडे. बरा झालास की करते.’’

मी बरा झालो. मी आता रोज पाच किलोमीटर चालतो. आणि आक्काचं ते एक काम चार वर्षं राहिलं! देवीनं तिच्या बाजूचं केलं, आक्का तिच्या बाजूचं करायला तयार, आणि मध्ये कोण? आमची मंडळी!

*

पहिल्या वर्षीची गोष्ट. आक्काला एकटीनं गुपचूप जायचं होतं. पण नारोजीरावांच्या कानावर गेलंच. ‘‘आक्का, तुमचा नवस तो आमचा नवस! ग्रुप फेडणार!’’

शुक्रवारी सकाळी सहाला आम्ही सगळे पायथ्याला. पहिल्या पायरीशी नारोजीरावांचं भाषण झालं. मग आक्कानं वाकून पहिल्या पायरीला हळद लावली, कुंकू लावलं. ‘‘थांबा थांबा, फोटो हलला! परत लावा.’’ परत लावलं. ‘‘आता ग्रुप फोटो. परत लावा.’’ एकाच पायरीला आक्कानं अकरा वेळा हळद-कुंकू लावलं. मी मोजलं. ती पायरी लग्नाला निघाल्यासारखी दिसत होती!

दोनशेसाठाव्या पायरीवर नारोजीराव बसले. आक्का नाही, नारोजीराव! चेहरा टोमॅटोसारखा. दहा मिनिटांनी उभे राहून जाहीर केलं, ‘‘संकल्प महत्त्वाचा. संकल्प झाला म्हणजे नवस झाला. वर नाश्ता थंड होतोय. सगळे खाली, गाडीत!’’

आक्का म्हणाली, ‘‘तुम्ही जा हो सुम्ने, उगाच थांबू नका. मी येते चढून.’’

‘‘येणार कशा? तुमचं ताट मी आधीच खाली गाडीत पाठवलं. तुम्हाला ओझं नको म्हणून!’’

हळद गाडीत, कुंकू गाडीत. आक्का दोनशेसाठाव्या पायरीवर, दोन्ही हात पिवळे, आणि रिकामे.

वर नाश्त्याला इडली खाताना नारोजीराव तिला म्हणाले, ‘‘बघा आक्का, किती हलकं वाटतंय ना आता?’’

*

हिमवद गोपालस्वामी बेट्टावर आपली गाडी नेता येत नाही. खाली चेकपोस्टला उतरायचं आणि सरकारी बसनं वर जायचं. जंगल आहे, हत्ती असतात, बरोबरच आहे. नारोजीरावांना ते बरोबर वाटलं नाही, पण तो वाद मी वहीत तीन पानं लिहिला आहे, इथे सोडून देतो.

खरा प्रकार उतरताना झाला. वर धुकं, माणसाला माणूस दिसेना. बस सुटायला आली. नारोजीराव पहिल्या सीटवर रजिस्टर उघडून बसले.

‘‘नंबर एक! हजर. नंबर दोन! हजर. नंबर तीन!’’

बावीसच्या बावीस हजर. बस निघाली. पाच-सहा वळणं उतरून खाली आलो, आमच्या गाडीत बसलो, तेव्हा मादेश म्हणाला, ‘‘सर, अम्मा कुठे?’’

सुमंगलावहिनी वरच राहिल्या होत्या! प्रसादाच्या रांगेत.

‘‘पण मी हजेरी घेतली!’’ नारोजीराव ओरडले. ‘‘नंबर दोन हजर होती!’’

‘‘‘हजर’ कोण म्हणालं?’’ तुळजाक्कानं विचारलं.

सगळे नारोजीरावांकडे बघू लागले. कारण सगळ्यांनी ऐकलं होतं. ‘नंबर दोन’ही नारोजीरावच म्हणाले होते, आणि ‘हजर’ही तेच!

नवल काहीच नाही. वहिनींना कुणी विचारलं, कॉफी घेणार का, की हे उत्तर देतात, ‘‘ती घेत नाही.’’ कुणी विचारलं, कशा आहात, की हे म्हणतात, ‘‘बरी आहे ती.’’ सात वर्षांत मी वहिनींचा आवाज फार तर वीसदा ऐकला असेन.

नारोजीराव कपाळ पुसत म्हणाले, ‘‘तोंडातून निघून गेलं. घरात सवय लागते हो!’’

पाऊण तासानं वहिनी पुढच्या बसनं उतरल्या. साडीला धुक्याचं पाणी, हातात सगळ्यांसाठी घेतलेला प्रसाद. नारोजीराव धावत गेले, ‘‘अगं, किती शोधलं तुला!’’

वहिनींनी प्रसादाची पिशवी त्यांच्या हातात दिली. ‘‘माझी हजेरी लागली होती ना? मग शोधत कुणाला होता?’’

*

तळकावेरीला जाताना बैलकुप्प्याला थांबलो. तिबेटी मठ, सोनेरी मूर्ती, दोन-तीनशे लामा ओळीत बसून पाठ म्हणताहेत. अंगावर काटा येईल असा आवाज. आणि त्या आवाजात आमचे अध्यक्ष दाराशी उभे राहून, ‘‘नंबर एक!’’

एक म्हातारे लामा उठून आले. ओठांवर बोट ठेवलं, हसले, नमस्कार केला आणि परत जाऊन बसले. मला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं.

रजिस्टरमध्ये त्या दिवसाचा शेरा आहे. मी स्वतः वाचला. ‘बाहेरच्या व्यक्तीने हजेरीत व्यत्यय आणला.’

*

बिळिगिरीरंगन बेट्टावर देवाच्या चामड्याच्या मोठ्या चपला असतात. देव रात्री त्या घालून डोंगर फिरतो म्हणतात. भक्तांच्या डोक्याला त्या टेकवतात, तोच आशीर्वाद.

त्या दिवशी वहिनींनी सगळ्यांसाठी चित्रान्न करून आणलं होतं. झाडाखाली पानं मांडली, तेवीस. नारोजीरावांनी त्यातलं एक उचललं आणि गाडीच्या चाकापाशी नेऊन ठेवलं. ‘‘मादेश, तू तिकडे निवांत बस. आमच्यात काही लोक जरा जुन्या मताचे आहेत.’’

कोण जुन्या मताचे? मी आजूबाजूला पाहिलं. प्रत्येक जण दुसऱ्याकडे पाहत होता! आक्का तिचं पान उचलून मादेशच्या शेजारी जाऊन बसली. मीही उठायला हवं होतं. मी आधी खाल्लं, मग उठलो. वहीत तसंच लिहिलं आहे, खोटं कशाला!

मग देवळात नारोजीरावांनी चपला डोक्याला दोनदा टेकवून घेतल्या. एकदा आशीर्वादासाठी, एकदा फोटो काढायला सांगून. परतीच्या वाटेवर तेच पुराण. ‘‘काय तेज! डोक्यातून पायापर्यंत वीज गेली!’’

मादेश गाडी चालवता चालवता म्हणाला, ‘‘सर, त्या चपला कोण शिवतं माहीत आहे का?’’

‘‘देवाचं काम, कोण तरी पुण्यवान माणूस असणार.’’

‘‘होय सर. आमचे सोयरे शिवतात. यावेळच्या जोडीला माझ्या मामाचा हात आहे.’’

नारोजीरावांचा हात नकळत डोक्याकडे गेला. मग मागच्या सीटवरून तुळजाक्काचा आवाज आला.

‘‘नारोजीराव, डोकं धुवायचं असेल तर पुढे नळ आहे. गाडी थांबवायची का?’’

*

नवसाचं काढलं की मंडळींचं एकच, आक्काच्या गुडघ्यांचं काय? तुम्ही म्हणाल, वय झालं, लोक काळजीनंच सांगत असतील. तर ऐका मेलुकोट्याचा किस्सा.

योगनरसिंहाचं देऊळ टेकडीच्या माथ्यावर. रांग मोठी. नारोजीरावांनी खालूनच युक्ती ठरवली, ‘‘आक्कांना पुढे करू. गुडघ्याचा पेशंट म्हणून सांगू, सगळा ग्रुप सोबत सुटेल.’’ नवसाच्या वेळी जिचे गुडघे चालत नाहीत म्हणून अडवायचं, तिचेच गुडघे रांग तोडायला वापरायचे!

पण आक्का होतीच कुठे? ती केव्हाच पायऱ्या चढून वर गेली होती. आम्ही धापा टाकत पोचलो तेव्हा ती कठड्याशी उभी राहून खालचं तळं बघत होती.

नारोजीराव कसेबसे आले आणि पायरीवर बसकण मारली. दोन्ही हात गुडघ्यांवर. ‘गुडघ्याचा पेशंट आहे’ हे मी रांग सांभाळणाऱ्या माणसाच्या कानावर घातलं, नाइलाजानं, त्यांनीच मला पुढे ढकललं होतं. तो भला माणूस होता. म्हणाला, ‘‘हो हो, सोडतो. पेशंट कोण?’’

आक्कानं बोट दाखवलं. ‘‘ते काय, बसलेत.’’

*

दुसऱ्या वर्षी नारोजीरावांनी कागदावर नवा बेत आखून आणला. वरून झेरॉक्स काढून सगळ्यांना वाटला!

बेत असा. पायऱ्या हजार आणि वर थोड्या. माणसं बावीस. प्रत्येकाला पंचेचाळीस पायऱ्या नंबराप्रमाणे. नंबर एकला पहिल्या पंचेचाळीस, नंबर दोनला पुढच्या. उरलेल्या शेवटच्या, म्हणजे देवळाजवळच्या, अध्यक्ष म्हणून त्यांच्या. सगळ्यांनी आपापल्या पायऱ्यांवर एकाच वेळी हळद-कुंकू लावायचं. शिट्टी वाजली की सुरू!

वाटेतल्या मोठ्या दगडी नंदीपाशी गाडीरस्ता पायऱ्यांजवळ येतो, त्यामुळे बऱ्याच जणांना गाडीनं सोडलं. आक्काच्या वाट्याला दोनशेएकाहत्तर ते तीनशेपंधरा. शिट्टी वाजली. वीस मिनिटांत हजार पायऱ्या खलास! कुणी चमच्यानं हळद टाकली, कुणी वाकायला नको म्हणून वरूनच भुरभुरली. दोघांनी एक सोडून एक केलं.

त्याच दुपारी ग्रुपवर मेसेज. ‘तुळजाक्कांचा नवस पूर्ण! टीमवर्कचे अभिनंदन!’ संध्याकाळपर्यंत आक्काला चाळीस फोन. प्रत्येकाला ती एकच सांगत होती, ‘‘नाही झाला.’’

नारोजीराव चिडून घरी आले. ‘‘आक्का, नाही झाला म्हणजे काय? एकूण एक पायरीला लागलं की नाही?’’

‘‘लागलं.’’

‘‘मग?’’

‘‘मग काय? बावीस जणांनी मिळून एक उपास केला, सकाळचा तुम्ही, दुपारचा मी, तर उपास कुणाला घडला? उपाशी कोण राहिलं, सांगा की!’’

नारोजीराव जाताना दारात मला म्हणाले, ‘‘तुमच्या आक्कांना संघभावना नाही हो.’’

*

तिसऱ्या वर्षी आक्का आजारीच होती, टायफॉइड. यंदा सदुसष्ट संपली. एका गुडघ्यावर सूज येते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ‘‘सावकाश चढा, थांबत थांबत. चढायला हरकत नाही, उतरू मात्र नका. आणि पुढच्या वर्षी मला विचारू नका, मी नाहीच म्हणेन.’’ म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही.

आणि आता माझी गोष्ट, कारण दुसऱ्यांचीच सांगून चालणार नाही. त्या दिवशी दवाखान्यातून येताना रिक्षात मीच तिला म्हणालो, ‘‘आक्का, सोडून दे ना. थोड्या चढलीस दोन वेळा. जमेल तेवढं देवी गोड मानून घेते.’’

आक्का रिक्षाबाहेर बघत म्हणाली,

‘‘तम्मा, तुला आत नेलं तेव्हा मी डॉक्टरांना म्हटलं का, की जमेल तेवढंच हृदय शिवा?’’

घरी येऊन मी वही उघडली. नुसती तारीख घातली.

*

यंदाचं सांगतो आणि थांबतो.

नारोजीरावांच्या लेखी नवस फिटलेला. म्हणून यंदा बेट्टावर वार्षिक समारंभ, आणि त्यात नवसपूर्तीबद्दल तुळजाक्कांचा ग्रुपतर्फे शाल देऊन सत्कार! मी विरोध केला. ‘‘अहो, तिचा नवस झालेलाच नाही!’’ ते म्हणाले, ‘‘शाल आणून झाली आहे.’’

मंगळवारी सकाळी साडेपाचला विजयनगरातून निघालो. पायथ्याशी नारळ फोडायला गाडी थांबली. सगळे उतरले, सगळे चढले. मी मादेशशेजारी पुढे बसलो होतो. मागे नारोजीरावांनी रजिस्टर उघडलं.

‘‘नंबर एक, हजर. नंबर दोन!’’

‘‘हजर.’’ गोपालस्वामी बेट्टापासून वहिनी स्वतःची हजेरी स्वतः देतात.

तीन, चार, पाच. ‘‘नंबर सहा!’’ मी ‘हजर’ म्हणालो.

‘‘नंबर सात!’’

‘‘हजर!’’

स्वच्छ, खणखणीत. पण हा आवाज आक्काचा नव्हता. मी चमकून आरशात पाहिलं. सातव्या सीटवर आक्काची शाल होती, आक्का नव्हती. शेजारी सुमंगलावहिनी ताठ बसून खिडकीबाहेर बघत होत्या. बाहेर, पायऱ्यांच्या कमानीखाली, एक निळी साडी वाकलेली दिसली.

नारोजीरावांची मान खाली. टिक झाली. आठ. नऊ. दहा.

मादेशनं माझ्याकडे पाहिलं. त्यानंही आरशात तेच पाहिलं होतं. बावीस नंबर झाला तरी त्यानं गाडी सुरू केली नाही. हळूच विचारलं, ‘‘होगोणा, सर?’’

निघू या का? माझ्या हृदयाला विचारत असल्यासारखं विचारलं त्यानं. मी म्हणालो, ‘‘होगोणा.’’

वर दर्शन झालं. नाश्ता झाला. नारोजीरावांना वाटलं आक्का बायकांच्या रांगेत आहे, बायका म्हणाल्या प्रदक्षिणा घालतेय, आणखी कुणी म्हणालं आत्ताच इथे होती. कोण किती जाणून बोलत होतं, देवी जाणे! मादेश चाकात हवा भरून आणतो म्हणून गाडी घेऊन गेला. परत आला तेव्हा माझ्या जवळून जाता जाता पुटपुटला, ‘‘नंदी ओलांडला. पाणी पाजलं. बोलत नाहीत, नुसतं वाकतात.’’

मी घड्याळ बघत होतो. साडेनऊ. पावणेदहा.

दहाला नारोजीरावांनी समारंभ सुरू केला. पायऱ्या जिथे वर येऊन संपतात, तिथल्याच झाडाखाली सगळ्यांना रांगेत उभं केलं. भाषण झालं. संकल्प, संघभावना, टीमवर्क. मग शाल उघडली.

‘‘आणि आता, जिचा नवस आपण सर्वांनी मिळून फेडला, ती सत्कारमूर्ती! नंबर सात, पुढे या!’’

कोणी पुढे आलं नाही.

‘‘नंबर सात!’’

नारोजीरावांनी मान वर केली. नंबर पुकारताना, माझ्या माहितीत पहिल्यांदाच.

शेवटच्या पायरीवर एक हात आला. कोपरापर्यंत पिवळा, बोटं लाल. त्यानं हळद लावली. कुंकू लावलं. मग हाताच्या मागून आक्का वर आली, एका हातानं गुडघा धरून, केस विस्कटलेले, कपाळावरचं कुंकू घामानं नाकापर्यंत आलेलं. ती सरळ उभी राहिली. आधी देवळाच्या शिखराकडे बघितलं, मग माझ्याकडे.

‘‘हजर,’’ ती म्हणाली.

नारोजीराव शाल धरून तसेच उभे. एकदा आक्काच्या हातांकडे बघत, एकदा रजिस्टरकडे. ‘‘पण... पण खाली मी सात नंबर पुकारला होता! ‘हजर’ असं ऐकलं मी! टिक आहे इथे! ‘हजर’ म्हणालं कोण?’’

सुमंगलावहिनींनी पुढे होऊन त्यांच्या हातातली शाल काढून घेतली, आक्काच्या पायाखाली अंथरली आणि तिला त्यावर बसवलं. मग मान वर न करताच म्हणाल्या,

‘‘तोंडातून निघून गेलं. घरात सवय लागते हो!’’